साठीनंतर सुखाचं तत्त्वज्ञान कशाला? (उत्तर देतेय, लांब आहे)

वाचतेवाचते: काल एकांनी इथे लिहिलं, 'सत्तरीच्या लोकांना सुखाचं तत्त्वज्ञान काय शिकवायचं, हलकंफुलकं द्या, हसवा.' डोकंच फिरलं. चार वर्षं असा वर्ग घेतेय, विद्यार्थी ६३ ते ८७ वयाचे. अ‍ॅरिस्टॉटल उलट तरुणांनाच बाहेर काढतो, अनुभव नाही म्हणून! एपिक्युरस, तोही ग्रीक तत्त्वज्ञच, म्हणतो म्हातारपणी तत्त्वज्ञानाचा कंटाळा करू नका. अथेन्सच्या शहाण्या सोलोनचं 'मरेपर्यंत कुणाला सुखी म्हणू नका' ऐकून आमचे ८७ वाले म्हणाले, म्हणजे माझा निकाल अजून राखून ठेवलाय तर. हे विशीतल्या पोराला सुचेल?

तिरकस: मीच तो 'एक'. आई गेल्यावर वडील अशाच एका वर्गाला जायला लागले आणि महिन्याभरात 'मी आयुष्य वाया घालवलं' सुरू झालं, रात्री-बेरात्री फोन, ते कोण निस्तरणार, तुम्ही? सुखाला मित्र हवेत, पैसा हवा, मुलं हवीत, दिसायलाही बरं हवं, हे तुमचाच अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो ना? ज्याचे मित्र एकेक करून गेले त्याला हे शिकवून काय साधलं?

अर्धाकप: म्हणून स्टोइक शिकवा, जे आपल्या हातात नाही त्याचं दुःख करू नका म्हणणारे. एपिक्टेटस गुलाम होता, पायाने अधू, तरी ठणठणीत. मन जुळवून घेतंच, १९७८ चा लॉटरीवाला अभ्यास बघा, लॉटरी लागलेले आणि अपघातात लुळे पडलेले शेवटी सारखेच सुखी.

रात्रपाळी: थांबा जरा. हे ऐकून कान किटलेत. नवरा नऊ वर्षं अंथरुणाला आहे, त्याची कूस मी बदलते. त्या अभ्यासात माणसं किती? लॉटरीवाले २२, अपघातवाले २९. पाचपैकी सुख लॉटरीवाल्यांचं ४.००, तुलनेला घेतलेल्या साध्या माणसांचं ३.८२, अपघातवाल्यांचं २.९६. हे सारखं? लॉटरीवाले आणि साधी माणसं जवळपास सारखी निघाली, लुळे पडलेले नाहीत. अर्धवट वाचायचं आणि आम्हाला जुळवून घ्या सांगायचं.

अर्धाकप: ताई, तरी २.९६ मध्यापेक्षा वरच आहे, माझा मुद्दा तोच.

रात्रपाळी: आधी 'सारखेच' होतं, आता 'मध्यापेक्षा वर'. आणि ताई नका म्हणू.

अर्धाकप: बरं, आकड्यांत हरलो. हार घालून सत्कार करा.

तिरकस: बघा, सुखाच्या धाग्यावर सगळे चिडलेत. हलकंफुलकं म्हणत होतो तेच बरं होतं.

वाचतेवाचते: नाही हो. रात्रपाळी जे बोलल्या तेच वर्गात व्हायला हवं, शिकवणाऱ्याचं वाक्य धरून 'खोटं आहे' म्हणणं. माझंही धरलंय. एपिक्युरसचं मरणाच्या दिवशीचं पत्र वाचत होतो, मुतखड्याने जीव चाललाय आणि लिहितो की दिवस सुखाचा आहे, मित्राशी झालेली बोलणी आठवून. मी भारावून वाचतेय, मागून एक बाई म्हणाल्या, मला मुतखडा झालाय, तेव्हा काहीही आठवत नाही. पुढचा तास त्यावरच गेला. तिरकस, तुमच्या वडिलांना मात्र कुणीतरी तेव्हाच विचारायला हवं होतं, काय वाया गेलं म्हणून. ते आमच्याकडूनही राहतं कधीकधी, मान्य.

तिरकस: मीही नाही विचारलं. झोपा म्हणून फोन ठेवायचो.