मदत हवी आहे: लव्हाळ्याच्या जोडीला ताठ उभ्या झाडांच्या गोष्टी

नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयात मुलांसाठी झाडांच्या बोधकथांची एक दुपार ठेवायची आहे. ‘महापुरें झाडें जाती, तेथें लव्हाळे वाचती’ हे तुकोबांचं सगळ्यांनाच पाठ असतं. इसापचा ओक आणि बोरूही मुलांना माहीत असतो.

मला जास्त आवडतात त्या महाभारताच्या शांतिपर्वातल्या दोन गोष्टी. एकीत समुद्र नद्यांना विचारतो, मोठमोठी झाडं मुळासकट वाहून आणता, मग वेत कधीच का आणत नाही? गंगा सांगते, पूर येताना दिसला की वेत वाकतो आणि ओसरला की पुन्हा जागेवर उभा राहतो. दुसरी शाल्मलीची, म्हणजे आपल्या काटेसावरीची. नारदाजवळ ती वाऱ्याला कमी लेखते, वारा खवळतो. मग तो येण्याआधीच भीतीने ती आपल्या फांद्या, पानं, फुलं स्वतःच पाडून टाकते. भीतीचं इतकं खरं वर्णन मला दुसऱ्या कुठल्या बोधकथेत दिसलं नाही.

पण मुलं हमखास विचारतील, ‘म्हणजे दांडग्यापुढे नेहमी वाकायचंच का?’ त्याला तोलाचं उत्तर देणारी, ताठ उभ्या झाडाचा मान राखणारी लोककथा हवी आहे. वड, साग, माड, बांबू, कुठलंही झाड चालेल. कोकणात, खानदेशात, विदर्भात किंवा गोव्यात आजी-आजोबांकडून ऐकलेली असेल तर कृपया तुमच्याच बोलीत लिहा. अर्धवट आठवत असली तरी चालेल, फक्त गाव किंवा तालुका नक्की सांगा.