रोमन नाणं ओळखायला ३० पौंडांत काय घ्यावं?

थेम्सकाठ: लंडनच्या नाणे-मेळ्यात ब्राँझचं छोटं नाणं घेतलं. १७ मिमी, २.३ ग्रॅम. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला चेहरा, दुसरीकडे दोन सैनिक, मधे दोन निशाणं. त्याखाली टी आर पी. कुणाचं असेल? मला स्वतः ओळखायला शिकायचंय. पुस्तक घेऊ की भिंग?

आंबाघाट: 'आरआयसी'चा, म्हणजे रोमन साम्राज्याच्या नाण्यांच्या इंग्रजी सूचीचा, खंड ७ घे. ब्रूनचा, १९६६चा, इ.स. ३१३ ते ३३७ची सगळी नाणी त्यात. माझ्याकडे दहाही खंड आहेत, खास कपाट करून घेतलंय.

थेम्सकाठ: बजेट ३० पौंड आहे हो.

मुळामुठा: टी आर पी म्हणजे ट्रिब्युनिशिया पोटेस्टास, सम्राटाची दरवर्षी नव्याने मोजली जाणारी पदवी. पुढचा आकडा बघ, वर्ष कळेल.

नाणेवेडा: इथे नाही. ती पदवी कडेच्या मजकुरात येते. तळरेषेखाली, म्हणजे चित्राखालच्या आडव्या रेषेखाली, असेल तर टांकसाळ. टी आर म्हणजे ट्रिअर, आजच्या जर्मनीतलं शहर; पी म्हणजे प्रिमा, पहिला विभाग. प्रकार 'ग्लोरिया एक्सर्सिटस', सैन्याचा गौरव. दोन निशाणं ३३० ते ३३५. पुढे वजन घटवलं आणि एकच ठेवलं. आता चेहऱ्याभोवतीचं वाच. 'मॅक्स ऑग' (थोर सम्राट) असेल तर सम्राट कॉन्स्टन्टाइन स्वतः. 'आय व्ही एन' (धाकटा) आणि 'नोब सी' (थोर सीझर) असेल तर त्याच नावाचा मुलगा, तेव्हा सीझर, म्हणजे उपसम्राट.

मुळामुठा: माझ्या सम्राट सेव्हेरस अलेक्झांडरच्या दिनारावर ती पदवी मागच्या बाजूला आहे!

नाणेवेडा: असेल ना, पण गोल कडेनेच.

चाफेकळी: काही झालं तरी घासू नकोस. मी तांब्याच्या भांड्यासारखी चिंच लावली. हिरवा थर गेला, अक्षरंही गेली. अजून वाईट वाटतं. नुसतं डिस्टिल्ड वॉटर, आठवडाभर, पाणी बदलत.

कऱ्हाकाठ: पुस्तक कशाला? 'ओक्रे' ही रोमन नाण्यांची ऑनलाइन सूची फुकट आहे. टांकसाळ निवडली की फोटोंसकट यादी येते. दहापट भिंग घे, बास. न धुतलेल्या नाण्यांच्या पुड्या मात्र घेऊ नकोस, बहुतेक गुळगुळीत निघतात.

आंबाघाट: ओक्रेही आरआयसीवरच उभं आहे. खंड ७ घेच.

चाफेकळी: पुड्या नकोतच. माझ्या वीसमधली चार वाचता आली.

थेम्सकाठ: दिव्याखाली तिरपं धरलं आणि 'आय व्ही एन' दिसलं! मुलगाच. नाणेवेडा, खूप आभार. ओक्रेवर ट्रिअरचं सापडलंही. ऑफिसातल्या मैत्रिणीचं भिंग मिळालंय, म्हणून ३० पौंडांची न धुतलेली पुडीच मागवली. एकाच नाण्यावर हात बसत नाही, शेजारी ठेवून ताडायला आणखी हवीत. चिंच लावणार नाही.

आंबाघाट: पैसे पाण्यात.

नाणेवेडा: आली की आधी तळरेषांचे फोटो टाक.