ट्रेमोलो टेम्पोत बसवला तरी पुढे जाऊन सुटतोय, काय करू?

तारछेड्या:
मंडळी, एक गाणं मिक्स करतोय, ९६ बीपीएम (मिनिटाला ९६ ठोके), गिटारवर ट्रेमोलो टाकलाय, म्हणजे आवाज लयीत वरखाली करणारा इफेक्ट. हिशोब करून रेट ३.२ हर्ट्झ ठेवला, म्हणजे एका बीटला दोन हेलकावे. सुरुवातीला झकास बसतो पण दुसऱ्या कडव्यापर्यंत पार उलटा होतो, ठोका पडतो तिथेच नेमका आवाज खाली जातो. वर दरवेळी बाउन्स केलं (गाण्याची फाइल काढली) की वेगळंच ऐकू येतं. गणित चुकतंय का? कोरस आणि फेझर हे इफेक्टपण असेच सिंक करायचे, म्हणजे टेम्पोला बांधायचे?

खर्जातला_सा:
गणित बरोबर आहे रे, ९६ भागिले ६० म्हणजे १.६, त्याची दुप्पट ३.२. घोळ नॉबचा असणार. समोर ३.२ दिसत असलं तरी आत ३.१८ असू शकतं, आणि एवढ्याशा फरकानेसुद्धा २५ सेकंदांत अर्धी सायकल सरकते, म्हणजे चढ होता तिथे उतार. हर्ट्झचा नादच सोड, प्लगइनमध्ये सिंक बटण असेल तर ते लाव आणि रेट १/८ निवड, म्हणजे अर्ध्या बीटला एक हेलकावा.

नुसता_नॉईज:
+१, पण नुसतं सिंक लावून भागेलच असं नाही. काही प्लगइनमध्ये सिंक म्हणजे फक्त वेग जुळतो, एलएफओ, म्हणजे हे हेलकावे देणारी आतली लहर, मात्र आपल्याच धुंदीत फिरत असतो, तू प्ले कुठून दाबलंस त्यावर सुरुवात ठरते. बाउन्स दरवेळी वेगळा येतोय तो यामुळेच. फेज किंवा रीट्रिगर असं काही सेटिंग आहे का बघ, एलएफओ बारच्या (ठेक्याच्या एका आवर्तनाच्या) सुरुवातीला बांधला गेला पाहिजे. टॅप टेम्पोवाल्या (ठोके देऊन वेग सांगायच्या) पेडलचंही तेच, बऱ्याच पेडल्सना वेग कळतो पण 'एक', म्हणजे बारचा पहिला ठोका, कुठे आहे ते कळत नाही.

तारछेड्या:
सिंक होतं, लावलं, आता सुटत नाहीये 🙏 रीट्रिगरही सापडला. पण ठोक्याच्या किंचित नंतर आवाज फुगतोय असं वाटतंय, की माझे कान गेले?

नुसता_नॉईज:
कान शाबूत आहेत. साइन वेव्ह शून्य अंशावर मधोमध असते, शिखर पाव सायकलनंतर येतं. तुझ्या रेटला पूर्ण सायकल ३१२.५ मिलिसेकंदांची, म्हणजे जवळपास ७८ मिलिसेकंद उशीर, ते कळणारच. फेज ९० अंश कर.

खर्जातला_सा:
आणि कोरसचं म्हणशील तर माझ्या मते तो सिंक करूच नये, त्याची मजाच त्या मोकळ्या डुलण्यात आहे, टेम्पोत बांधला की यांत्रिक वाटायला लागतो. फेझर चालेल, पण संथ ठेव, चार बारला एक फेरी, तुझ्या टेम्पोला ०.१ हर्ट्झ येतं, कडव्याबरोबर उघडत जातो. आणि हो, गाणं क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) वाजवलंय ना? नाहीतर आधी टेम्पो मॅप (गाण्याचा वेग कुठे किती आहे त्याची नोंद) बनवावा लागेल, त्याशिवाय सिंक कुठल्या टेम्पोला करणार.

तारछेड्या:
हो हो, क्लिकवरच आहे. ९० अंशावर एकदम चपखल बसला. पुढचं गाणं ६/८ मध्ये आहे, तिथेही १/८ च ना?

नुसता_नॉईज:
१/८ ठेवलंस तर बारमध्ये सहा हेलकावे. दर मोठ्या ठोक्याला एकच हवा असेल तर डॉटेड १/४ (दीडपट लांब, म्हणजे तीन १/८ एवढा) घे, साधा १/४ घेतलास तर बारमध्ये तीन येतील आणि दोनाच्या ठेक्यावर ते आडवे जातील. मुद्दाम तसंच हवं असेल तर गोष्ट वेगळी, कधीकधी भारी वाटतं ते.