पान उलटायची घाई
मुलाने शांत व्हावं म्हणून श्वास मोजायला लावणारं चित्रपुस्तक आणलं, पण तो दोन मिनिटांत पानं उलटून मोकळा झाला, असं तुम्ही म्हणताय. आमच्याकडेही तेच झालं होतं. चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची, मजकूर जेमतेम. भराभर वाचलं तर संपणारच. मग मी वाचणंच थांबवलं. चित्रातल्या गोगलगायीच्या मागे उमटलेल्या ओल्या रेषेवर लेकीचं बोट ठेवून हळूहळू फिरवलं. तिसऱ्या दिवशी तिनेच कोपऱ्यातली मुंगी शोधली, मला ती दिसलीच नव्हती! 'शांत हो, श्वास घे' असं पानोपानी बजावणारी पुस्तकं मला तरी (खरं सांगते) कंटाळवाणी वाटतात. त्यापेक्षा बिनशब्दांची घ्या. आणि मूल चिडलेलं असताना हे पुस्तक काढूच नका, त्याला ती शिक्षा वाटते.