मदत हवी आहे : रोल धुवून आला, एकही फोटो नाही. सारंगखेड्याच्या यात्रेआधी उत्तर हवंय

पांझराकाठ
नमस्कार मंडळी. बाबांचा जुना कॅमेरा माळ्यावर सापडला. रोल मागवला, लळिंगच्या किल्ल्यावर गेले, घरी आजीचे काढले, पांझरेच्या पुलावर काढले. रोल बाहेरगावी धुवायला पाठवला होता, तो काल परत आला. पूर्ण कोरा. एक फोटो नाही. धुणारे म्हणतात, ताई फिल्मवर काही आलेलंच नाही. बाबा म्हणतात कॅमेरा ठणठणीत होता, माझ्या बारशाचे फोटो त्यानेच काढलेत. दत्तजयंती आठवड्यावर आली. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला हाच कॅमेरा न्यायचाय. दुसरा रोल घरात आहे, पण तोही असाच जायला नको. काय बिघडलंय ते कृपया लवकर सांगा.

वाघूर
कोरा म्हणजे पारदर्शक की काळाकुट्ट? दोन्हीची कारणं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. निगेटिव्ह पारदर्शक असेल तर फिल्मला उजेड मिळालाच नाही. काळी असेल तर नको तेवढा मिळाला.

खान्देशी_भो
ताई, कॅमेरा कोनता शे, रोल कोनता शे, काहीच सांगेल नही तुनी. मंग आम्ही काय सांगसूत?

धुळे_नाका
मी सरळ सांगतो. माळ्यावरचे कॅमेरे शोकेसमध्ये ठेवावेत. यात्रेसाठी यासिका एमएफ-२ घ्या, जुन्या बाजारात अजून मिळतो. ३५ एमएमचा रोल, फोकस करायची भानगड नाही, फ्लॅशला पेन्सिल सेल लागतात. नव्वदच्या दशकात निम्म्या खान्देशातली लग्नं त्याच्यावर निघाली असतील. माझा अजून चालू आहे.

पांझराकाठ
दुसरा कॅमेरा घ्यायचा नाहीये, हाच चालवायचाय. कोरा म्हणजे कोरा, आरपार दिसतं. बटण दाबलं की टक्‌ वाजतं, म्हणजे कॅमेरा चालू आहे ना?

मेहरूण_तलाव
उष्णतेने गेला असणार. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. रोल दुकानात, गोदामात, कुरिअरच्या गाडीत किती तापला असेल कुणाला ठाऊक. फिल्म फ्रीजमध्ये ठेवायची असते, हे कुणी सांगतच नाही. नवा रोल फ्रीजमध्ये टाका, वापरायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा, डबी लगेच उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरेल.

वाघूर
फ्रीजचा सल्ला बरोबर, कारण चूक. तापलेल्या किंवा मुदत संपलेल्या फिल्मवर धुकं चढतं, म्हणजे निगेटिव्ह सगळीकडे करडी पडते. तापून फिल्म आरपार होत नाही.
पांझराकाठ, आता तीन गोष्टी सांग. कॅमेऱ्यावर काय लिहिलंय? रोल कलर की ब्लॅक अँड व्हाइट? आणि फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे उमटलेत का? तिसरं सगळ्यात महत्त्वाचं.

मेहरूण_तलाव
माझे रोल गाडीच्या डिकीत राहून खराब झालेत, मी डोळ्यांनी पाहिलंय. पुस्तकातलं सांगत नाही.

वाघूर
खराब झाले असतील, पण आरपार झाले का?

मेहरूण_तलाव
फोटो दिसत नव्हते, एवढं मला पुरे होतं.

चाळीसगाव_जंक्शन
वाद चालू द्या, पण खान्देशातल्या फोटोग्राफीचा धागा आणि केकी मूस यांचं नाव नाही, हे बरं दिसत नाही. १९१२ चा जन्म, १९८९ ला गेले. चाळीसगावात स्टेशनजवळ त्यांचं घर आहे, आता तिथेच संग्रहालय आहे. कित्येक दशकं ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून अख्खा देखावा उभा करायचे. टेबलटॉप म्हणतात त्याला. तिथले प्रिंट जवळून बघा, उजेड कुठून आलाय ते शोधत बसाल. ताई, सारंगखेड्याच्या आधी एकदा चाळीसगावला जाऊन या.

पांझराकाठ
मूस यांचं संग्रहालय बघायचंच आहे, पण आता प्रश्न कॅमेऱ्याचा आहे.
कॅमेऱ्यावर अ‍ॅग्फा क्लिक-III लिहिलंय. रोल १२० चा, ब्लॅक अँड व्हाइट, ४०० स्पीड. कडेला अक्षरं आणि आकडे आहेत, एकदम ठळक. फक्त मधे काही नाही.

वाघूर
आता कळलं. ही अक्षरं फिल्म बनवतानाच कारखान्यात उजेडाने छापलेली असतात आणि फिल्म धुतल्यावर फोटोंबरोबरच उमटतात. ती ठळक आली म्हणजे धुलाई व्यवस्थित झाली. मधला भाग आरपार म्हणजे कॅमेऱ्यातून फिल्मवर उजेड पडलाच नाही.

यावल_रोड
असंही असेल ना की ब्लॅक अँड व्हाइट रोल कलरच्या रसायनात टाकला? माझ्या भाच्याचा तसाच गेला होता.

वाघूर
मग अक्षरंसुद्धा गेली असती. कलरच्या प्रक्रियेत शेवटी सगळी चांदी काढून टाकतात आणि रंग तेवढे उरतात. साध्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये प्रतिमा चांदीचीच असते, त्यामुळे पट्टी कडेपर्यंत साफ होते. इथे अक्षरं शाबूत आहेत.
राहिल्या दोन शक्यता. एक, रोल उलटा भरला आणि फिल्मच्या पाठीला गुंडाळलेला कागद भिंगाकडे आला. दोन, शटर उघडत नाहीये. पांझराकाठ, कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीत १, २, ३ आकडे दिसत होते का?

पांझराकाठ
हो, बारापर्यंत सगळे दिसले. प्रत्येक फोटोनंतर आकडा मधोमध आणून थांबत होते.

वाघूर
म्हणजे रोल सरळच होता. आकडे कागदाच्या पाठीवर असतात, उलटा भरला असता तर खिडकीत दिसलेच नसते. आता शटर बघू. रोल नसताना कॅमेरा उघड, भिंगाचं तोंड खिडकीकडे धर, मागून डोळा लाव आणि खटका दाब. क्षणभर उजेडाचा गोल चमकायला हवा.

सोनगीर
क्लिक-III बद्दल थोडं सांगतो, माझ्याकडे आहे. हा बडोद्याला बनायचा. न्यू इंडिया इंडस्ट्रीज नावाची कंपनी अ‍ॅग्फाचे कॅमेरे तिथे बनवायची. एका रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे बारा चौकोनी फोटो येतात. निगेटिव्ह एवढी मोठी की साध्या भिंगातूनही चेहरा सुरेख येतो. एक ध्यानात ठेवा : यात रोल गुंडाळणं आणि शटर एकमेकांना जोडलेलं नाही. गुंडाळायचं राहिलं तर त्याच जागी दुसरा फोटो बसतो. फोटो काढला की लगेच गुंडाळायची सवय लावा.

जुनं_रेडिओ
रोलवरून आठवलं. आपल्या देशात उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स होती, त्यांचा ‘इंदू’ रोल मिळायचा. भुसावळच्या स्टुडिओत त्याची खोकी रचलेली असायची. आता सगळं परदेशातून येतं, म्हणून एवढं महाग. इंदूचा रोल कुणाकडे शिल्लक आहे का?

पांझराकाठ
बघितलं. टक्‌ वाजतं पण उजेड दिसत नाही. काहीच नाही. पंधरा-वीस वेळा दाबल्यावर एकदा अर्धवट चमकलं. आता काय करू? बाबा म्हणाले दोन थेंब खोबरेल सोड.

सोनगीर
नको! तेल अजिबात नको.

वाघूर
तेल सोडू नकोस. आत पत्र्याची पातळ पाकळी आहे, स्प्रिंग तिला झटक्याने बाजूला सारते. इतक्या वर्षांत वंगण वाळून चिकट झालंय, त्यात आपल्याकडची धूळ. स्प्रिंग हलते म्हणून टक्‌ वाजतं, पाकळी मात्र चिकटून बसलेली. तेलाने दोन दिवस चालेल आणि धूळ धरून पुन्हा बसेल, शिवाय भिंगावर ओघळेल. लायटरमध्ये भरायचं पेट्रोल कापसाच्या काडीला अगदी किंचित लावून पाकळीवरून फिरवायचं, वाळू द्यायचं, मग खटका दाबत राहायचं. पाकळीपर्यंत काडी पोचत नसेल तर स्वतः स्क्रू खोलू नकोस.

धुळे_नाका
आणि खोलायचं कुणी? कॅमेरे दुरुस्त करणारे उरलेत कुठे? म्हणून यासिका म्हणत होतो.

खान्देशी_भो
घड्याळजीकडे न्या. जुने चावीचे घड्याळं खोलणारा माणूस पाहिजे, सेल बदलणारा नको. त्याच्याकडे बारीक पेचकस असतो, डोळ्याला भिंग असतं, आणि स्प्रिंग म्हणजे काय हे त्याला शिकवावं लागत नाही. माझा कॅमेरा शिरपूरला एका घड्याळजीनेच चालू करून दिला.

वाघूर
हे मला पटलं. त्याला एवढंच सांग की पाकळी आणि तिची कडी साफ कर, तेल लावू नको.

रावेर_केळी
माझा प्रश्न वेगळा आहे. काकांकडे दोन भिंगांचा उभा कॅमेरा आहे, वरून वाकून बघायचा. त्याची किंमत किती येईल?

सातपुडा_वारा
तोवर धुण्याचं बोलूया, कारण पुढचा रोल बाहेरगावी पाठवायची गरजच नाही. ब्लॅक अँड व्हाइट घरी धुता येतो आणि खान्देशात त्यासाठी डिसेंबर-जानेवारीसारखे महिने नाहीत. डी-७६ हे फिल्म धुण्याचं रसायन, त्याचं गणित २० अंशांवर बसवलेलं असतं. हल्ली सकाळी नळाचं पाणी तेवढ्याच आसपास येतं. मे महिन्यात टाकीचं पाणी हाताला चटका देतं, तेव्हा बर्फाच्या घमेल्यात बाटल्या ठेवून बसावं लागतं.

मेहरूण_तलाव
म्हणजे उष्णतेचा मुद्दा निघालाच शेवटी. उन्हाळ्यात घरी धूच नये.

सातपुडा_वारा
धुता येतं, वेळ सांभाळावी लागते. इलफर्डचा ठोकताळा असा की २० अंशांवर ४ मिनिटं लागणाऱ्या फिल्मला २३ अंशांवर ३ पुरतात. पण पाच मिनिटांच्या खाली गेलं की फिल्म एकसारखी धुतली जात नाही, आकाशात पट्टे दिसतात. म्हणून मी गरमीत डी-७६ निम्म्याला निम्मं पाणी घालून वापरतो. एचपी-५ या इलफर्डच्या ४०० च्या फिल्मला २० अंशांवर ११ मिनिटं लागतात, २४ वर सात-आठ, म्हणजे हाताशी वेळ राहतो. फिक्सर, म्हणजे प्रतिमा पक्की करणारं रसायन, आणि शेवटचं पाणीही जवळपास त्याच तापमानाचं हवं. थंडातून एकदम गरमात फिल्म गेली तर वरच्या थराला बारीक सुरकुत्या पडून जाळी दिसते आणि ती काही केल्या जात नाही.

पांझराकाठ
घड्याळजीकडे जाऊन आले. आग्रा रोडच्या बाजूला एक म्हातारे बाबा बसतात, त्यांनी समोरच खोललं. काळपट मेणासारखं काहीतरी काडीवर निघालं. आता दर वेळी उजेड चमकतो. पण वेग बरोबर आहे का ते कसं कळणार? की सरळ रोल भरू?

सोनगीर
फोनमध्ये स्लो मोशन असेल तर सेकंदाला २४० फ्रेमवर व्हिडिओ काढा. मागून फोन लावा, समोर उजेड ठेवा. नंतर एकेक फ्रेम सरकवत उजेड किती फ्रेममध्ये दिसतो ते मोजा. अशा साध्या कॅमेऱ्याचं शटर साधारण १/५० सेकंदाचं असतं, म्हणजे चार-पाच फ्रेम यायला हव्यात. दहा-बारा आल्या तर अजून चिकटतंय.

पांझराकाठ
पाच! कधी चार. मग रोल भरते. दुसराही ४०० चाच आहे.

वाघूर
स्पीडचा आकडा मोठा तेवढा उजेड कमी पुरतो, म्हणून तो भरू नकोस, १०० चा मिळाला तर बघ. उन्हातला जुना हिशोब असा : भिंगाचं भोक एफ-१६ (एफचा आकडा मोठा तेवढं भोक लहान) आणि शटर म्हणजे फिल्मच्या स्पीडचा आकडा. १०० च्या फिल्मला एफ-१६ आणि १/१००. तुझ्या कॅमेऱ्याचं भोक एफ-११ आणि शटर १/५० च्या आसपास धर, म्हणजे तसाही दोन स्टॉप जास्त उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). ब्लॅक अँड व्हाइट फिल्म तेवढा पोटात घालते. ४०० ची भरलीस तर चार स्टॉप जास्त. तापीकाठच्या दुपारी घोडे आणि आकाश सगळं पांढरं होऊन बसेल. १०० चा नाहीच मिळाला तर हा भर, पण सकाळी लवकर आणि दिवस मावळताना काढ.

सोनगीर
घोड्यांचंही सांगतो, दोन वर्षांपूर्वी हाच डबा घेऊन सारंगखेड्याला गेलो होतो. १/५० वर पळणारा घोडा बाजूने धरला तर पुसटच येतो. बाजारात घोडे बांधलेले असतात, मालक आयाळ विंचरत असतात, गोंडे बांधत असतात, ते टिपा. चालता घोडा हवाच असेल तर समोरून आपल्याकडे येताना धरा. दहा फुटांच्या आत जाऊ नका, त्याच्या आत फोटो पुसट येतो. कॅमेरा डोळ्याशी घट्ट, श्वास रोखून, खटका हळू. आणि मालकाला विचारून काढा, आवाजाने बुजणारी जनावरं असतात.

चाळीसगाव_जंक्शन
एकमुखी दत्ताच्या मंदिराबाहेरही गर्दीत छान चेहरे मिळतात.

धुळे_नाका
यासिकात १/१२५ मिळालं असतं. एवढंच सांगायचं होतं.

पांझराकाठ
१०० चा एक रोल जळगावहून येतोय, परवापर्यंत हातात पडेल. सातपुडा_वारा, यात्रेनंतर तुमच्याकडे पाठवला तर धुवून द्याल का? आणि लाल खिडकीला टेप लावायची असते असं कुठेतरी वाचलं, ते खरं का?

सातपुडा_वारा
पाठवा. रोल संपला की कागदी पट्टीने घट्ट बंद करा, वर रबर लावा आणि उन्हात उघडा ठेवू नका.

वाघूर
टेपचं खरं आहे. ती खिडकी लाल उजेड न ओळखणाऱ्या जुन्या फिल्मसाठी होती, आजच्या फिल्मवर लाल उजेडाचाही परिणाम होतो. इलेक्ट्रिकची काळी टेप लाव, पण मधे जाड कागदाचा तुकडा ठेव म्हणजे काचेला गोंद लागणार नाही. रोल पुढे सरकवताना सावलीत उभी राहा, टेप उचल, आकडा बघ, लगेच बंद कर.