प्रति: नावं विसरणं हीच पहिली खूण का?

वर म्हटलंय की नावं आठवेनाशी झाली की डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) सुरू झाला समजावं. आमच्याकडे उलटंच झालं. आप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी. जुने भाव, कुठल्या गावचा माल, सगळं तोंडपाठ. अडलं ते क्यूआर कोडवर. पैसे जमा झाले का, कुठं बघायचं, हे मी रोज दाखवायचो आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. हिशेबपट्टीची बेरीजही तीन-तीनदा करायचे. उत्तर मात्र बरोबर!

वयानं वेग मंदावतोच, त्याला घाबरू नये. पण सरावानंही काही सुधारेना, तर डॉक्टरांना सांगा. तीच स्मृतिचाचणी पुन्हा दिली की निरोगी माणसाचे गुण सहसा थोडे वाढतात. ते न वाढणं हीसुद्धा लवकरची खूण असू शकते. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, मेंदूतले बदल लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीच सुरू झालेले असतात.

आणि हो, आधी बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड आणि कान तपासून घ्या, त्यांच्यामुळंही असं होऊ शकतं. आम्ही कानाचं शेवटी केलं, तोवर 'आप्पा लक्षच देत नाहीत' म्हणून घरात सगळे चिडून बसलेले.