वॉलिच यांची डॉक्टरकी आणि वनस्पतिसंग्रह
नथानिएल वॉलिच यांना नुसते ‘फुले जमवण्याचा छंद असलेले डॉक्टर’ म्हणणे मला अपुरे वाटते. कोपनहेगनमध्ये वैद्यक शिकून ते 1807 मध्ये डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूरला शल्यवैद्य म्हणून आले, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी ती वसाहत घेतल्यावर युद्धकैदी झाले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्यांना मागून घेतले, म्हणून सुटका झाली. पुढे त्याच उद्यानाची सूत्रे त्यांनी 1846 पर्यंत सांभाळली.

वनस्पती गोळा करत ते आधी नेपाळला आणि नंतर ब्रह्मदेशात गेले, तेव्हा साल्विन नदीकाठच्या एका मठाच्या बागेत लालभडक फुलांचे लोंबते घोस असलेले झाड त्यांना आढळले. जवळच्या गुहेत बुद्धमूर्तींपुढे तीच फुले ओंजळीने वाहिलेली होती. त्याच झाडाचे शास्त्रीय नाव अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस. लंडनला नेलेल्या वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांची त्यांची यादी नऊ हजारांवर नोंदींची असून ती हस्ताक्षरातच शिळाछापावर काढलेली आहे, त्यामुळे वाचताना डोळ्यांची परीक्षा होते. मूळ नमुने लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात आजही स्वतंत्र ठेवले आहेत.